अंपायरचा ब्रश

गावच्या बेसबॉल सामन्यात आमचा गडी धाव पुरी करायला जमिनीत बसवलेल्या प्लेटवर चेंडूच्या आधी पोचला, तरी अंपायरनं आऊट दिलं आणि हक्काची धाव गेली. मी तेव्हापासून शिव्या हासडत होतो. मग बॅटला घासून उडालेला चेंडू अंपायरच्याच तोंडावरच्या जाळीवर आदळला. त्यानं झोकांडी खाल्ली. "बरं झालं," मी म्हणालो. पण त्याच्यापुढे चेंडू झेलायला बसलेला कॅचर, माझाच मुलगा केलब, उठून रमतगमत चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे गेला. "मॅच हातातून चाललीय आणि हा गप्पा कसल्या हाणतोय?" शेजारी सूर्यफुलाच्या बिया फोडणारे व्हर्नकाका म्हणाले, "गप्पा नाहीत रे. अंपायरला सावरायला वेळ देतोय." "त्या आंधळ्याला?" "मघाशी केलबच्या मनगटावर चेंडू बसला, तेव्हा त्या आंधळ्यानंच जमिनीतली स्वच्छच असलेली प्लेट ब्रशनं झाडत त्याच्यासाठी वेळ काढला." पुढच्याच चेंडूला अंपायर पुन्हा चुकला. मी ताडकन उठलो. आधी तो सावरलाय का पाहिलं, मग ओरडलो.