सगळ्यात स्वच्छ गच्ची

"माझ्या पोरीचा खोकला तुमच्या पडद्यावर दिसतो का?" शिवणवालीने विचारलं.

बंदराच्या कचेरीतल्या तरुण इंजिनिअरने मान वर केली नाही. "ताई, पडद्यावर हवा दिसते. तुमच्या गच्चीवरची हवा अख्ख्या बंदरात सगळ्यात स्वच्छ आहे."

"मग दोरीवरचे कपडे काळे कशाने होतात? तुमच्या नजरेने?"

त्याने खुर्ची वळवली आणि समजावलं. किनाऱ्यावरून वीज मिळाली की धक्क्याला लागलेली जहाजं धूर ओकणारी इंजिनं बंद ठेवतात. पण वीज सगळ्यांना पुरत नाही. म्हणून धक्क्यांलगतच्या घरांवर धूर मोजणाऱ्या पेट्या बसवल्या. जिथे धूर जास्त, तिथे वीज आधी. वीज न मिळालेली जहाजं यंत्रणा आपोआप स्वच्छ हवेच्या धक्क्याला लावते.

"म्हणजे माझ्या खिडकीखाली."

"हो."

"कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या."

"वाटलंच. डॉक्टर म्हणतात घर बदला, तुम्ही म्हणता हवा छान. दोघांतला एक खोटारडा आहे, आणि डॉक्टरांनी तिची छाती तपासलीय."

आता त्याचाही पारा चढला. "पेटी खोटं बोलत नाही. बॅटरी ठीक आहे, सिग्नल ठीक आहे. चला, तुमच्यासमोर तपासतो."

दोघं तिच्या घरी पोचले. जिन्यातच खोकला ऐकू आला. शिलाई मशीनशेजारी मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एकेक शब्दासाठी ती श्वास गोळा करत होती.

"काका, हे जहाज कधी जाणार?"

"जाईल," तो पुटपुटला आणि झपाझप वर गेला.

गच्चीच्या कठड्यावर त्याने बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"दगडाला कळतं ते तुमच्या यंत्राला कळत नाही," शिवणवाली म्हणाली.

त्याने संशयाने तिच्याकडे पाहिलं. "पेटी कोणी पाडली? पाणी ओतलं? खरं सांगा."

"आमच्यावरच ढकला आता. बसवताना तुम्हीच बजावलंत ना, जिवापाड जपा, बिघडली तर दुसरी मिळणार नाही? यात तसूभर हयगय झाली असेल तर कान कापून देईन."

ती तरातरा कोपऱ्यात गेली आणि पेटीवर स्वतः मापात शिवून चढवलेल्या, दुहेरी अस्तराच्या रेक्झिनच्या खोळीची चेन तिने रागारागाने खाली ओढली.