ट्रॅक्टरवाली कडी

पहिली गार गुड्डीच्या हेल्मेटवर टणकन आपटली, तेव्हा ती आंबागडाच्या कड्यावर, दरीकडे पाठ करून उभी होती. आणखी एक पाऊल मागं टाकलं असतं, की सारा भार दोरावर. मनिषनं लेकीला हिसका देऊन आत ओढलं. तिच्या कमरपट्ट्याला दोर अडकवणारी, लाल टेप गुंडाळलेली पोलादी कडी सोडवली, सामानाच्या पिशवीत टाकली आणि ओरडला, "पळा रे! सारे तंबूत!"

मनिषचं हे पहिलंच शिबिर. तुमसरची पोरं गडावर आणलेली, रात्री तंबूत मुक्काम, दिवसा दोरानं कडा उतरायचा. आईबाप कां-कूं करत होते, म्हणून त्यानं छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "आधी माही पोरगी उतरंल, मंग तुमची." सकाळी पोरगीच बावरली, तर लाल टेपवाली कडी तिच्या नाकासमोर नाचवली. "अवं, काकाचा ट्रॅक्टर धानाच्या रोवणीत चिखलात फसला होता ना, तो याच कडीनं ओढून काहाडला म्या. तू तं पावशेराची!" गुड्डी खुदकन हसली. तेव्हापासून ती झाली ट्रॅक्टरवाली कडी.

आता गारा अशा बरसत होत्या, की तंबूचं कापड फाटतं की राहतं. पोरं रडायला लागली. शकुंतलाबाई, मनिषची आई, नातीवर नजर ठेवायला म्हणून हट्टानं गडावर चढून आली होती. तिला काही बसवेना. घरी गारा पडल्या, की ती अंगणात विळा नाहीतर कुऱ्हाड भिरकावायची. गारा लोखंडाला भितात, हे तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि तिनं कधी तपासलं नव्हतं. इथं कुठलं अंगण आणि कुठली कुऱ्हाड! पण पिशवीभर लोखंड होतं की. म्हातारीनं डोक्यावर परात धरली, बाहेर पडली आणि पिशवी गरगरा फिरवून खालच्या खडकांवर दिली भिरकावून.

"घे रे देवा, लोखंड घे! माह्ये लेकरं सोड!"

कड्या खणखणत खडकांवर विखुरल्या. आणि कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ, थोड्या वेळात गारा थांबल्या. म्हातारीचं तोंड उजळलं. मनिषचा मात्र पारा चढला.

"माय! काय करून बसली तू हे? पडलेली कडी वापरत नाही आमी. आतून चिरते, वरून दिसत नाही. झालं, बुडवलं माहं शिबिर! तुले आणलंच काहून म्या?"

साऱ्या पोरांदेखत बोलला. शकुंतलाबाईनं ओल्या पदरानं तोंड पुसलं. "मले काय मालूम रे बाबा," एवढंच म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

ऊन पडलं. बापलेक खडकांत उतरून कड्या गोळा करू लागले. लाल टेप लांबूनच चमकली. गुड्डीनं झडप घातली.

"बाबा, हे पाहा! काहीच झालं नाही इले. एकडाव उतरू द्या ना मले. सारे वाट पाहून राहिले."

वर पोरं माना लांब करून पाहत होती. मनिषचं मन डळमळलं. आईबापांना काय तोंड दाखवायचं? बाकीच्या कड्यांचं जाऊ द्या, पण ही तर ट्रॅक्टर ओढणारी. हिला एका आपटण्यानं काय धाड भरली? तरी मनाचं समाधान म्हणून त्यानं ती झाडाच्या बुंध्याशी दोरानं बांधली, दुसरा दोर तिच्यात अडकवला आणि अंगाचा सारा जोर लावून हिसका दिला.

ताडकन आवाज झाला. मनिष उताणा पडला. कडीचा तुकडा दोराबरोबर छातीवर येऊन आदळला.

गुड्डी हसायला लागली. मनिषनं तुकडा उचलला, टेप नखानं सोलली. तुटलेल्या तोंडाशी कडेकडेला तेवढी नवी चकाकी होती. बाकी सारं आतवर गंजून तांबडं झालेलं. गंज काही एका घटकेत चढत नाही. त्याला आठवलं, चिखलात ट्रॅक्टर घुरघुरत होता, कडी कर्रकन वाजली होती, आणि तो हसला होता. घरी येऊन धुतली, तर ओरखडा दिसला. लेकीची कडी चांगली दिसावी म्हणून त्यानंच वर लाल टेप गुंडाळली होती.

त्यानं मान वर केली. कड्याच्या टोकावर, जिथं गुड्डी पाठमोरी उभी होती, तिथं गारांचं पाणी ठिबकत होतं. त्यानं लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, दुखते ना!"

त्यानं सोडलं नाही. आवाज ऐकून शकुंतलाबाई खडक धरत धरत खाली आली. त्याच्या हातातला तुकडा पाहून तिचा चेहरा पडला.

"तोडली का रे म्या? रागावू नोको बाबू. माह्या हातानं लय नुकसान झालं तुहं."

मनिषला आईकडे बघवेना.

"नाही वं माय," तो कसाबसा म्हणाला. "रोवणीतच तुटली होती."