विरळणी

खडवलीपुढच्या सागवानात दर्शना झाडांची दाटी मोजायची. दोरीने गोल आखायचा, आतली झाडं मोजायची, छातीच्या उंचीवर प्रत्येकाचा घेर घ्यायचा. गर्दी जास्त निघाली की किरकोळ खोडांवर लाल पट्टा मारायचा, म्हणजे ती तोडली जात आणि उरलेल्यांना ऊन मिळे. या विरळणीत तिचा हात कधी अडखळला नव्हता.

कित्येक वर्षांच्या उपचारांनंतर तिला दिवस गेले. ठाण्याच्या डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफीच्या पडद्यावर तीन ठोके दाखवले, तेव्हा तिचा नवरा प्रशांत आनंदाने हसलाच. मॅडम मात्र हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या गर्भाशयात तिघांना जागा पुरणार नाही. एक कमी केलं नाही, तर तिन्ही हातची जातील."

"त्यातलं अशक्त कोणतं?" दर्शनाने विचारलं.

"तिघंही छान वाढतायत. ठोका थांबवणाऱ्या सुईला जे जवळ पडेल, ते."

संमतीपत्रावर सही करताना प्रशांत रडला, ती रडली नाही. घरी त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही.

पुढे एक मुलगा आणि एक मुलगी सुखरूप जन्मली. कोलशेतच्या घरी नामकरणाला माणसं जमली. दर्शनाच्या सासूबाईंनी दोन्ही नातवंडांना एकाच पाळण्यात शेजारी शेजारी निजवलं.



"कशी ऐसपैस झोपलीत बघ गं," त्या कौतुकाने म्हणाल्या, "अजून एक सहज मावलं असतं."