पिवळी रेघ

मुलगी पिवळ्या रेघेच्या अलीकडेच थांबली. रेघ पार पुसट झाली होती. पण लहानपणी आईचा पदर धरून ती इथेच उभी राहायची. पाय आपोआप अडले.

रेघ मुळात कैद्यांसाठी नव्हतीच. हे बेट आधी साथीच्या रोग्यांचं. जहाजातून उतरलेल्यांना इथे ठेवायचे आणि नातेवाइकांनी रेघेबाहेरून बोलायचं. जणू रोगाला रेघ वाचता येते. पुढे साथ ओसरली. कोंडायची सोय आयतीच होती, म्हणून सरकारने तिथे तुरुंग केला. रेघ तीच राहिली.

बाप कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. शेजारी डबा, तसाच बंद.

“जेवला नाहीत?”

“घंटा व्हायचीय.”

दुपार कधीच टळून गेली होती. इतकी वर्षं हा डबा आई भरायची. आई दवाखान्यात गेल्यापासून मुलगी भरत होती. चव बदललेली त्याला कळली असेलच, पण तो बोलला नव्हता. आजाराचं कळलं तेव्हाही त्याने नुसती मान हलवली होती.

“बाबा, आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, भेटून घ्या. ती सारखी दाराकडे बघते.”

त्याने हाताची नखं पाहिली. “साहेबांनी सोडलं तर येईन.”

तिने वाद घातला नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ती केव्हाच दमली होती. ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब वयाने तिच्याहून लहान होते. जुन्या साहेबांचा दरारा त्यांच्यात नव्हता. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

“ताई, हे माझ्या अधिकारात बसत नाही.”

“मला माहीत आहे. पण दुसऱ्या कोणाचं ते ऐकणार नाहीत.”

साहेब उठले. मग कपाटातून टोपी काढून त्यांनी फुंकर मारली आणि ती डोक्यावर चढवली. टोपी जरा मोठी होत होती.

बाहेर दहा-बारा माणसं बोलत चालली होती. टोपी बघून ती गप्प झाली आणि बाजूला सरली.

कोठडीपाशी येऊन साहेब म्हणाले, “ऊठ. तुझी सुटका झाली.”

बाप उठला. हात अंगाला चिकटवून ताठ उभा राहिला.

“वागणूक चांगली होती ना, साहेब?”

“चांगली होती.”

त्याने डबा उचलला. रेघेपाशी येऊन थांबला, साहेबांनी मान हलवल्यावर पलीकडे पाऊल टाकलं. मुलीने त्याचा हात धरला. या बेटावर पहिल्यांदाच. तिला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही.

दोघांना घेऊन लाँच सुटली. साहेबांनी टोपी काढून परत काचेच्या कपाटात, ‘येथील शेवटचे जेलर’ या पाटीशेजारी नीट ठेवली. मग ते प्रवेशद्वारापाशी गेले आणि खिडकीत बसणाऱ्या बाईंना म्हणाले, “उद्या सकाळी म्हातारा नेहमीसारखा आला, तर त्याला तिकीट देऊ नका.”