कागद पांढरा दिसला पाहिजे

"पदर खाली घ्या ताई. मानेवरचं पण येऊ द्या," ज्योतीराम म्हणाला.

भोसरीतल्या वर्कशॉपांच्या गल्लीत त्याचा खोलीएवढा स्टुडिओ, छताला एक ट्यूबलाइट. मदतीला बायको, वर्षाली. कस्तुरानं पदर खाली घेतला आणि वर्षालीनं हळूच नजर फिरवली.

चार दिवसांपूर्वी कस्तुराचा नवरा, खंडू, चाकणहून पहिली शिफ्ट करून आला. दार उघडायला उशीर झाला म्हणून डोक्यातलं हेल्मेट काढून त्यानं तेच तिच्या तोंडावर हाणलं. ती पडली तर बरगड्यांत लाथा. दात तुटला, तो तिनं रक्तासकट गिळला. हात आडवा घातला म्हणून डोळा वाचला, हात मात्र कोपरापर्यंत काळानिळा. वर पोरगी ठेवून घेतली आणि हिला बाहेर काढलं.

"चौकीत मोबाइलवर फोटो काढला, भाऊ," ती म्हणाली. "हवालदार हसला. म्हणे, बाई, फोटोत तुम्ही अख्ख्याच हिरव्या दिसताय, यात मार कुठला शोधू?"

"ट्यूबलाइट. डोळ्याला कळत नाही, पण ती सगळ्यावर हिरवं ओतते. त्यात चौथ्या दिवशी वळ स्वतःच कडेनं हिरवट-पिवळा पडायला लागतो. ट्यूबखाली पार विरघळून जातो."

"तुम्हाला बरं माहिती."

"धंदा आहे, ताई."

त्यानं डबीतून गुलाबी काच काढली. हा फिल्टर. भिंगावर बसवला की ट्यूबचं हिरवं मारलं जातं. फिरवून घट्ट करताना त्याची चौकोनी खड्याची अंगठी कडेवर टकटक वाजली.

"कंप्युटरवर रंग सुधारता येतो की," कस्तुरा म्हणाली.

"मग त्याचा वकील म्हणणार, फोटो बनवलाय. आपण काचेतूनच काढायचा. शेजारी पांढरा कागद धरायचा. कागद पांढरा दिसला म्हणजे वळाचा रंगही खरा. कोर्टात कुणाच्या बापाला बोलता येणार नाही."

"पोरगी मिळेल ना ओ?"

"मिळणार. असल्या हरामखोराचे हात प्रेसखाली घालून ठेचले पाहिजेत. बाईवर हात टाकतो, भडवा!" त्याच्या कपाळाची शीर फुगली. कस्तुराला रडू आलं. इतक्या दिवसांत तिच्या बाजूनं चिडलेला हा पहिला पुरुष.

"वर्षाली, कागद धर. ताईंच्या गालाशी."

वर्षालीनं कागद धरला.

"वर."

तिनं थोडा वर नेला.

"वर म्हटलं ना!"

ती दचकली. झटकन हात उंच केला. लांब बाही कोपराकडं घसरली. ट्यूबखाली दोघींची कातडी सारखीच, शिळ्या भाकरीसारखी.

"वहिनी, हात दुखंल तुमचा," कस्तुरा म्हणाली.

"सवय आहे," वर्षाली म्हणाली.

खटकन फोटो निघाला. ज्योतीरामनं न बघताच कॅमेरा कस्तुरापुढं धरला. "बघा. आता हसू दे म्हणावं हवालदाराला."

कस्तुरानं डोळे पुसले. पडद्यावर तिचा गाल जांभळा, मान निळी, हेल्मेटच्या कडेची खूणसुद्धा कोरल्यासारखी. ट्यूबचं हिरवं कुठंच नाही. शेजारी कागद, दुधासारखा पांढरा.

आणि कागद धरलेला वर्षालीचा उघडा हात. मनगटाच्या वर पिवळा-जांभळा वळ, आणि वळाच्या मधोमध खड्याचा चौकोनी ठसा.