कधी ओले, कधी सुके

“टॉर्च जरा खाली धर, आर्डिस. माझं टक्कल नाही साफ करायचं.”

तळघरातला कपडे सुकवायचा ड्रायर भिंतीपासून ओढून डेल्मर त्याच्या मागे फतकल मारून बसला होता. सकाळी मागच्या अंगणातला बर्फ काढताना तो अचानक थबकला होता. ड्रायरच्या नळ्याचं तोंड भिंतीतून जिथे बाहेर निघतं, तिथे गरम वाफेमुळे दर हिवाळ्यात तेवढीच जमीन उघडी राहायची. शेजारच्यांचं लठ्ठ मांजर तिथे येऊन शेकत बसायचं. यंदा तिथे गुडघाभर बर्फ होता आणि मांजराचा पत्ता नव्हता.

“नळा तुंबलाय,” तो आत येऊन म्हणाला होता. “आत साचलेली कपड्यांची लव पेटली तर घर जाईल.”

“मग माणूस बोलव की.”

“मी काय माणूस नाही?”

दुरुस्तीला कुणाला बोलवायचं म्हणजे डेल्मरला आपलं नाक कापल्यासारखं वाटे. त्यावर बोलण्यात अर्थ नव्हता. त्याने ड्रायरची वायर उपसली, नळ्याची पट्टी सैल केली आणि लवचीक दांड्याचा ब्रश आत सारला.

आर्डिस टॉर्च धरून उभी होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सोमवारी डोळे तपासायचेत, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. ते खोटं होतं. तिने वेळ घेतली होती ती स्मरणशक्तीच्या डॉक्टरची.

पानगळीपासून हे चाललं होतं. ती कपडे ड्रायरमध्ये टाकायची, बटण दाबायची आणि वर जायची. परत यावं तर टॉवेल ओले. बटण दाबल्याचं तिला स्वच्छ आठवायचं, आणि तरी टॉवेल ओले. यंत्राला दोष द्यावा तर तेही जमत नव्हतं, कारण कधी खाली यायला उशीर झाला तर सगळे कपडे कडकडीत सुकलेले असायचे. यंत्र बिघडलं तर रोज बिघडेल. कधी ओले आणि कधी सुके, म्हणजे विसरतोय ते आपणच.

तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी ओले कपडे घडी घालून कपाटात आणि शेवटी पोटच्या मुलीला “नर्सबाई” अशी हाक. डेल्मरनेही ते सगळं पाहिलं होतं. आज जेवण झालं की त्याला सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. कसं सांगायचं ते मात्र सुचत नव्हतं.

डेल्मरने दांडा गोल फिरवून बाहेर ओढला. ब्रशला लवेचा राखाडी बोळा चिकटून आला, दाबून बसवलेल्या गादीसारखा घट्ट. मग दुसरा आला, तिसरा आला. बादली भरली. तो शिंकत शिंकत बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा राखाडी झाल्या होत्या.

“बापरे. यातून फुंकरसुद्धा गेली नसती. एकदा फिरवून साधा रुमाल सुकला नसता, आर्डिस. दोनदा फिरवलं तरच काय ते.”

आर्डिस टॉर्च बंद करून पुढे झाली.

“म्हणजे मी बटण दाबत होते?”

“दाबतच असणार.”

आर्डिस मटकन कपड्यांच्या ढिगावर बसली. तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदमच आलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. सोमवार रद्द. ती विसरत नव्हती. ती कधीच विसरली नव्हती. नाक पुसता पुसता तिला एकदम काहीतरी आठवलं आणि तिने मान वर केली.

“मग कधी कधी सुकलेले निघायचे, ते कसे?”

 हवापाण्यावर तासभर बोलू शकणारा डेल्मर भुवईवरची लव एकेक करून वेचत राहिला. रडू त्यालाही आवरत नव्हतं.

“ओले दिसले की मीच गुपचूप पुन्हा चालू करायचो,” तो म्हणाला. “तू विसरलीस हे तुला कळू नये म्हणून.”