रेवणची लाल गाडी

लातुरात एक जुनी, शर्यतीत पळवतात तसली लाल मोटारगाडी विकायला होती आन् आमच्या रेवणसिद्धचा तिच्यावर जीव जडला होता. बघायला सुनेबरोबर मलाही नेलं, कारण आमच्या घरात माझ्या हो म्हणण्याशिवाय झाडूसुद्धा येत न्हाई.

देवणी बैल बघावा तशी मी गाडीभवती फिरले.

"रंग नवा दिसतोय. खालचा गंज झाकला का?"

"गंज काढूनच रंग दिलाय, मावशी," गाडीवाला म्हणाला.

"आन् एवढी बसकी? आमच्या रस्त्याला पोट घासंल हिचं."

"हळू चालवीन की, आई," रेवण म्हणाला.

गाडी सुरू केली तर तिच्या आवाजानं झोपलेलं कुत्रं उठून पळालं. सोबत आणलेला मिस्त्री म्हणाला, इंजिन ठणठणीत हाय. पोरगं माझ्या तोंडाकडं बघत राहिलं.

मी वाकून आत बघितलं. "मागची सीट कुठंय रे?"

रेवणनं मान खाली घातली. आमची सून अंजू हळूच बोलली, "हिला दोनच सीटा असतात, आत्या. तुम्ही बसत जा यांच्याजवळ. मी राहीन घरी."

"न्हाई घेत मग," रेवण म्हणाला. "आईला सोडून आपण कुठं जातो का?"

"गप घे, आजच घे!" मी म्हणलं. "लग्नाला दोन वर्षं झाली, जिथं जाता तिथं मला वढत नेता. मला मेलीला एक दिवस तरी घरी राहू द्या की!"